तान्ह्याच्या काळजाची खबर रक्ताच्या थेंबात

बाळ जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी जागत बसायचे. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. ही रीत कशी पडली ते बाजूला ठेवू. पण एक गोष्ट खरी, की जुन्या बायकांना अनुभवाने कळून चुकले होते, बाळाला पहिला आठवडा फार नाजूक असतो. जन्मताना खणखणीत रडलेले, गुलाबी दिसलेले मूल याच दिवसांत अचानक मलूल पडायचे, निळे-काळे व्हायचे आणि हातचे जायचे. मग कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाहेरचे झाले, कोणी बाळाच्या आईलाच बोल लावी.

अशा मुलांपैकी काहींच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, हे आता डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे. तो दोष वेळेत सापडला तर त्यातली पुष्कळ मुले वाचतात, शाळेत जातात, पुढे बापाबरोबर लावणीलाही उभी राहतात. प्रश्न आहे तो वेळेत सापडण्याचा. त्यासाठी आज आपल्या हाताशी काय आहे, आणि बाळाच्या टाचेतील रक्ताच्या चार थेंबांवरून हृदयाची खबर मिळवण्याचा जो प्रयत्न जगात चालू आहे तो काय आहे, हे रायगडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या शेतकरी-कोळी घरांना समजावे म्हणून हा लेख.

समजा, आपल्याच घरी

समजा, मुरूडच्या अलीकडे एखाद्या गावी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झाले. मुलगा, वजन पावणेतीन किलो. दोन दिवसांनी घरी आणले. तिसऱ्या दिवशी गावची आशाताई बाळाला बघायला आली. ओसरीवर आजी वाल निवडत बसलेली.

"ताई, बाळ पितं कसं?" आशाताई विचारते.

"चार घोट घेतं नि सोडतं. दमल्यासारखं करतं. परत घेतं, परत सोडतं," बाळंतीण सांगते.

"अगो बाय, माझी पाच झाली," आजी तिकडून म्हणते, "सगळी पहिल्यांदा अशीच आळशी. जरा शेक दिला की पिईल."

"आजी, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण याच्या कपाळाकडे बघा. पौषाचा महिना, अंगावर आपण दुलई घेतो, आणि या पोराला दूध पिताना घाम फुटलाय."

आशाताईने घड्याळ लावून पुरते एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. अडुसष्ट भरले. शांत असलेल्या तान्ह्याचे श्वास मिनिटाला साठच्या आत असावे लागतात. तिने पुन्हा एकदा मोजले, तेवढेच आले. मग तिने वाट पाहिली नाही, गाडी मागवली.

ही गोष्ट कल्पनेतली आहे, पण ती कोणत्याही गावात, कोणत्याही घरात घडू शकते. जगभरचा अनुभव असा, की दर हजार जिवंत जन्मणाऱ्या बाळांत सुमारे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. एखाद्या तालुक्यात वर्षाला दोन हजार बाळे जन्मली, तर त्यांत अशी सोळा-अठरा निघायची. यांतल्या बऱ्याच जणांचा दोष किरकोळ असतो. सुमारे चौथा हिस्सा मुलांना मात्र पहिल्या वर्षातच, आणि कित्येकदा पहिल्या काही दिवसांतच उपचार लागतात.

खारबंदिस्ती आणि उघाडी

हृदयाचा दोष म्हणजे नेमके काय, हे आपल्या खारजमिनीवरून चटकन कळेल.

खाडीकाठच्या शेताला आपण बांध घालतो. त्या बांधाला उघाडी ठेवतो. ओहोटीला उघाडीचे दार बाहेर ढकलले जाते नि शेतातले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. भरती आली की तेच पाणी दार दाबून बंद करते आणि खारे पाणी आत येत नाही. हृदयातल्या झडपा म्हणजे अशाच उघाड्या. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. हृदयाला चार कप्पे आहेत. उजव्या बाजूचे दोन कप्पे वापरलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त फुप्फुसाकडे धाडतात. डाव्या बाजूचे दोन कप्पे फुप्फुसातून आलेले ताजे रक्त सगळ्या अंगाला पुरवतात. दोन्ही बाजूंच्या मध्ये बांध असतो.

त्या बांधाला खांड पडलेली असली, तर त्याला आपण हृदयाला छिद्र आहे असे म्हणतो. उघाडी अरुंद असली किंवा नीट मिटत नसली, तर तो झडपेचा दोष. अंगाला रक्त नेणारी मोठी नळी मध्येच आवळलेली असली, तर पायाकडे पाणी पोचत नाही म्हणावे तशी गत. आणि कधी कधी दोन मुख्य नळ्यांची अदलाबदलच झालेली असते. फुप्फुसाकडे जायचे ते अंगाला जाते आणि अंगाला जायचे ते परत फुप्फुसाकडे. असे मूल लवकरच निळे पडते.

आता कळीचा मुद्दा. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू वारेतून, आईच्या रक्तातून मिळतो. फुप्फुसाकडे फारसे रक्त धाडायची गरज नसते. म्हणून निसर्गाने दोन मोठ्या नळ्यांच्या मध्ये एक आडवा पाट काढून ठेवलेला असतो. रक्त फुप्फुसाला वळसा घालून त्या पाटाने परस्पर निघून जाते. बाळ जन्मले, पहिला श्वास घेतला, की या पाटाची गरज संपते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात तो साधारण एक ते तीन दिवसांत आपोआप बंद होतो.

पण ज्या बाळाचा मुख्य मार्गच बंद किंवा अरुंद आहे, त्याचा जीव या आडव्या पाटावर चाललेला असतो. पाट उघडा आहे तोवर बाळ ठीक दिसते. डॉक्टरने तपासले तरी छातीत वेगळा आवाज ऐकू येईलच असे नाही. आई-बाळ दोन दिवसांनी घरी येतात, आणि घरी आल्यावर पाट मिटतो. मग काही तासांत बाळ ढासळते. पाचवी-सहावीच्या दिवसांत मुले अचानक का जात, त्याचे एक कारण हे.

बोटाला लावायचा दिवा

हा धोका ओळखण्याचे आज सर्वांत सोपे, बिनरक्ताचे साधन म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. करोनाच्या साथीत २०२०-२१ साली ते आपण गावोगाव पाहिले. बोटाला चिमटा लावायचा आणि रक्तातला प्राणवायू किती टक्के आहे ते आकड्यात बघायचे. रक्ताच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या प्रकाशावरून प्राणवायू मोजण्याची ही युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली.

बाळासाठी मोठ्या माणसाचा चिमटा चालत नाही. तळहाताला व तळपायाला गुंडाळायची मऊ पट्टी लागते. बाळ चोवीस तासांचे झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला अशी दोन ठिकाणी मोजणी करतात. दोन्हीकडे ९५ किंवा त्याहून अधिक आले आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक नसला, तर बाळ या परीक्षेत उतरले. आकडा ९० च्या खाली असला तर तातडीने पुढची तपासणी. मधल्या आकड्यांत थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. सगळ्याला पाच मिनिटे लागतात आणि बाळाला काही दुखत नाही.

डोळ्यांनी बघून निळेपणा कळत नाही का, असे कोणी विचारील. नेहमी कळत नाही. प्राणवायू ८५ टक्क्यांपर्यंत उतरला तरी बाळ साधारण दिसू शकते, आणि सावळ्या बाळात तर ते ओळखणे आणखी कठीण. पहिल्या दिवशी नुसते हातपाय निळसर दिसले तर ते बहुधा थंडीने असते. जीभ, ओठ, हिरड्या निळ्या दिसल्या तर मात्र ती धोक्याची खूण.

परंतु हा दिवासुद्धा सगळे पकडत नाही. गंभीर दोष असलेल्या चार बाळांपैकी सुमारे तीन तो दाखवतो आणि एक निसटते. मुख्य नळी आवळलेली असण्याचा दोष त्यात पुष्कळदा निसटतो, कारण तिथे रक्ताचा रंग ठीक असतो, पुरवठा मात्र तुटतो. इथे रक्ताच्या थेंबाकडे लक्ष गेले.

हृदय स्वतःच हाक देते

विहिरीवरच्या मोटारीवर जास्त भार आला की ती तापते, तिचा आवाज बदलतो, हे आपण जाणतो. हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या कप्प्यात रक्त तुंबले, भिंत ताणली गेली, की हृदयाचे स्नायू एक द्रव्य रक्तात सोडतात. ते द्रव्य मूत्रपिंडाला निरोप देते, 'मीठ-पाणी बाहेर टाका, माझ्यावरचा भार हलका करा.'

हृदय नुसता पंप नाही, ते असे निरोपही धाडते, हे कॅनडातील अडोल्फो दी बोल्ड या शास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिले. उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला, तर त्याला भराभर लघवी होऊ लागली. पुढे १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत तशाच जातीचे आणखी एक द्रव्य सापडले. मेंदूत सापडले म्हणून त्याला मेंदूचे नाव पडले. नंतर कळले, की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतूनच येते. डॉक्टर मंडळी त्याला बी. एन. पी. म्हणतात. ते तयार होताना त्याचा एक जोडतुकडा सुटतो, त्याचे नाव एन. टी. प्रो-बी. एन. पी. हा जोडतुकडा रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून तपासणीला तो सोयीचा. मोठ्या माणसाला दम लागला की तो हृदयामुळे आहे की फुप्फुसामुळे, हे ठरवायला ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत आज नेहमी करतात.

दुसरी खूण आहे ट्रोपोनिन. भार वाढला की पहिली खूण वाढते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते. मोठ्या माणसाचा हृदयविकाराचा झटका याच तपासणीने ओळखतात. जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या हृदयाला किती मार बसला, याचा अंदाज घ्यायलाही तिचा उपयोग होतो.

तान्ह्यात या खुणा वाचणे सोपे नाही. मृगाच्या पहिल्या पावसात सगळ्याच नद्या गढूळ होतात. कुंडलिका गढूळ दिसली म्हणून वर दरड कोसळली असे कोणी म्हणत नाही. पण दिवाळीनंतरही पाणी गढूळच राहिले तर वर काहीतरी घडले आहे हे ओळखावे. नवजात बाळाचे तसेच आहे. आईच्या पोटातून बाहेरच्या हवेत येताना निरोगी बाळाच्या हृदयावरही मोठा भार पडतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत एन. टी. प्रो-बी. एन. पी.चा आकडा हजारांच्या घरात असतो. मोठ्या माणसात एवढा आकडा आला तर डॉक्टर हादरतील. बाळात तो पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरू लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांत शेकड्यांवर येतो. तेव्हा बाळ किती दिवसांचे आहे हे बघूनच आकडा वाचायचा. शक्य असल्यास दोन वेळा तपासून तो उतरतो आहे की चढतो आहे हे बघायचे. एका आकड्यावरून घाबरू नये, आणि एका आकड्यावर निर्धास्तही होऊ नये.

टाचेचे चार थेंब

बाळाच्या टाचेला बारीक टोचून चार थेंब रक्त गाळणकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि टपालाने प्रयोगशाळेत धाडायचे, ही पद्धत अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री या डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. अनेक देशांत आज प्रत्येक बाळाचे रक्त असे घेतात आणि जन्मजात रोग शोधतात. आपल्या शेजारी गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी रक्ततपासणी सुरू झाली होती. मात्र त्या थेंबांतून बहुतेक ठिकाणी शोधतात ते थायरॉइडसारखे रोग, हृदयाचे नव्हेत.

मग त्याच थेंबांतून हृदयाचीही खबर काढता येईल का? स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला. हृदयदोष असलेल्या आणि निरोगी अशा नवजात बाळांच्या रक्तातील खुणा त्यांनी ताडून पाहिल्या आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष छापले. दोन्ही गटांतला फरक थोड्याशा रक्तातून ओळखता येतो, असे त्यांना दिसले. पुढे वाळवलेल्या थेंबांवरही त्यांनी ही तपासणी करून पाहिली. ऑक्सिमीटरला निसटणारी काही बाळे यात सापडू शकतील, ही त्यांची आशा आहे.

आशा रास्त आहे, पण मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ, जंतुदोष झालेले बाळ, जन्मताना गुदमरलेले, फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले बाळ यांच्यातही हा आकडा वाढतो. उलट काही निळ्या दोषांत हृदयावर सुरुवातीला भार नसतो, म्हणून आकडा साधाच राहू शकतो. ती बाळे ऑक्सिमीटर पकडतो. म्हणजे या दोन तपासण्या एकमेकींच्या बहिणी आहेत. एकीला रंग दिसतो, दुसरीला भार. आणि दोघींनी संशय दाखवला तरी नक्की दोष काय, हे सांगणारी थोरली बहीण वेगळीच. ती म्हणजे छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवणारी टू-डी इको तपासणी. रक्ततपासणी इकोची जागा घेत नाही. इको करणारा तज्ज्ञ दूर असेल, तेव्हा कोणत्या बाळाला आधी धाडायचे हे ठरवायला ती मदत करू शकते. आपल्यासारख्या किनारपट्टीला तिचे मोल आहे ते इथे. आज गावच्या दवाखान्यात ही तपासणी नेमाने होत नाही. आजारी बाळात मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरच ती सांगतात.

आईबापांनी काय करावे

१. दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी विचारावे, 'डॉक्टर, बाळाच्या हाताला-पायाला लावून प्राणवायू मोजला का? किती आला?' ही तपासणी सगळीकडे नेमाने होतेच असे नाही. विचारायला संकोच करू नये. आकडा कार्डावर लिहून घ्यावा.

२. घरी आल्यावर ही लक्षणे बघावीत : दूध पिताना दम लागणे व कपाळाला घाम येणे, चार घोट पिऊन थकून सोडणे, मिनिटाला साठहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, जीभ-ओठ निळसर दिसणे, पाय गार पडणे, बाळ न रडता मलूल पडून राहणे. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

३. वजनावर लक्ष ठेवावे. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते, मग साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यानंतरही वाढ दिसत नसेल, किंवा पुढे वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर हृदय तपासून घ्यावे.

४. आशाताईच्या भेटी चुकवू नयेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघते. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही वाट डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घालून दिली. तिचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. लेक माहेरी असेल तर माहेरच्या आशाताईला आधीच कळवून ठेवावे.

५. धुरी देणे, चटका किंवा डागणी देणे, गुटी चाटवणे यांपैकी काहीही करू नये. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. पीत असेल तर थोडे थोडे पाजावे आणि गाडी बोलवावी.

कुठे जावे, खर्चाचे काय

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. आई-बाळासाठी १०२ ही गाडीही आहे. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातील उपचार व वाहतूक मोफत आहे. आपल्या भागातून पहिली मोठी पायरी अलिबागचे जिल्हा रुग्णालय. तिथून गरजेप्रमाणे मुंबईला धाडतात. परळला के. ई. एम. रुग्णालय आहे आणि १९२९ साली स्थापन झालेले मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघर येथे, श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय आहे.

पावसाळ्यात मांडव्याच्या साध्या लाँची बंद असतात, तेव्हा वाट कोणती धरायची हे घरातल्या कर्त्या माणसाने बाळंतपणाआधीच मनाशी ठरवून ठेवावे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा समुद्रावरचा अटल सेतू खुला झाल्यापासून उरण-पनवेलच्या बाजूने मुंबई पुष्कळ जवळ आली आहे. तरी मुरूड-श्रीवर्धनकडच्यांना काही तासांचा रस्ता आहेच. म्हणूनच दोष लवकर कळला पाहिजे.

खर्चाच्या भीतीने पाय मागे घेऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात दोषांवर उपचार मिळवून देणे हे त्याचे काम. हृदयाचे जन्मजात दोष त्यात येतात. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. शिवाय महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत. पण कागद नाही म्हणून गाडी थांबवू नये. आधी बाळ पोचवावे, कागद मागून आणता येतात.

पाट पुन्हा उघडणारे औषध

वेळेत पोचल्याने काय साधते ते एका उदाहरणावरून कळेल. तो आडवा पाट मिटत चालल्यामुळे बाळ ढासळले असेल, तर प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे औषध शिरेतून थेंब थेंब देतात आणि पाट पुन्हा मोकळा होऊ लागतो. त्या औषधाने कधी बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून ते रुग्णालयातच, नजरेखाली द्यावे लागते. त्याने जो अवधी मिळतो त्यात बाळ शस्त्रक्रियेच्या जागी नेता येते.

शस्त्रक्रियेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. हेलन टॉसिग, शल्यचिकित्सक डॉ. आल्फ्रेड ब्लालॉक आणि त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी एका निळ्या बाळाच्या छातीत नवा पाट जोडून दिला. त्याआधी अशा बाळांना काही उपाय नव्हता. आज तेव्हापेक्षा कितीतरी पुढची शस्त्रक्रिया मुंबईत, नवी मुंबईत होते, आणि काही छिद्रे तर छाती न उघडता शिरेतून नळी घालून बुजवतात.

आईला बोल लावू नका

हृदय घडते ते गर्भाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. कित्येकदा तोवर बाईला दिवस गेल्याचे नुकते कुठे कळलेले असते. तिने ग्रहणात भाजी चिरली, उंबऱ्यावर बसली, जड हंडा उचलला म्हणून बाळाच्या हृदयाला छिद्र पडत नाही. मुलगी पांढऱ्या पायाची आहे वगैरे बोलणे तर अगदी टाकून द्यावे. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडतच नाही.

काही गोष्टी मात्र हातात आहेत. आईला आधीपासून मधुमेह असेल तर गर्भ राहण्यापूर्वी तो आटोक्यात आणावा. मुलींना लहानपणीच गोवर-रुबेलाची लस द्यावी, कारण दिवस असताना रुबेला झाला तर बाळाच्या हृदयाला दोष होऊ शकतो. फिट्स, मानसिक आजार यांची औषधे चालू असतील तर आपण होऊन बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावीत. दारू-तंबाखू टाळावी. जवळच्या नात्यात लग्न झालेले असेल, किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे.

काही शंका

सोनोग्राफीत सगळे ठीक म्हणाले होते, मग दोष कसा निघाला? अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत पुष्कळ दोष दिसतात, सगळे नाही. तो आडवा पाट तेव्हा प्रत्येकच बाळात उघडा असतो, म्हणून काही दोष जन्मानंतरच उघड होतात.

टाचेचे रक्त काढल्याने बाळ अशक्त होते का? नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात साधारण पाव लिटर रक्त असते. चार थेंबांनी त्याला काही कमी पडत नाही. टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवले तर ते रडतही कमी.

छिद्र आपोआप बुजते का? मधल्या बांधातली बरीच लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. पण कोणते बुजेल हे घरी बसून कळत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा इको करून घ्यावा.

अशा बाळाला लसी द्याव्यात का? डॉक्टरांनी मुद्दाम थांबा म्हटले नसेल तर सगळ्या लसी वेळेवर द्याव्यात. अशा बाळाला गोवर, न्यूमोनिया झाला तर तो जास्त जड जातो.

शेवटी एवढेच, की टाचेच्या थेंबातून प्रत्येक बाळाच्या हृदयाची खबर मिळण्याचा दिवस अजून यायचा आहे. तो येईपर्यंत आपल्याकडे आईचे डोळे आहेत, आशाताईचे घड्याळ आहे आणि दवाखान्यातला तो पाच मिनिटांचा दिवा आहे. पाचवीची पूजा हौसेने करा, त्याला कोणाची ना नाही. पण त्या रात्री दिव्याच्या उजेडात एकदा बाळाची जीभ बघा, त्याचे श्वास मोजा, आणि ते दूध कसे पिते ते आजीने सुनेशेजारी, लेकीशेजारी बसून नीट बघावे.